दीपमाला सिस्टरांचे तीन सेकंद

अमडापूरकडच्या एका उपकेंद्रात दीपमाला वानखडे परिचारिका आहे. गावात सगळे तिला सिस्टरच म्हणतात. लसीकरण आटोपलं की ती स्कूटी काढून शेतातल्या वस्त्यांवर निघते. कोणती बाळंतीण कितव्या दिवसाची, कोणत्या म्हाताऱ्याचा रक्तदाब किती, हे तिला वही न उघडता सांगता येतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर एक मोटरसायकलवाला तिच्या मागे लागला. आधी नुसता मागे यायचा. मग एका दुपारी कपाशीच्या वावराजवळ त्यानं गाडी आडवी घातली. दीपमालाचा नवरा अश्वजित एसटीत चालक, चार-चार दिवस बाहेर. त्यानं महिन्याभरापूर्वीच तिला विजेचा झटका देणारी स्टनगन आणून दिली होती. दिसायला हातातल्या बॅटरीसारखी. पुढे धातूची दोन टोकं, बटण दाबलं की त्यांच्यात ठिणगी कडकडायची. पण ती होती पर्सच्या तळाशी, लसीच्या कार्डांखाली. दीपमाला चाचपडत राहिली आणि हाती लागलं ते थर्मामीटर. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला, म्हणून तो माणूस निघून गेला.

घरी येऊन तिला भीतीपेक्षा राग जास्त आला, तोही स्वतःचाच. एवढी दहा वर्षं सुया हाताळल्या, आणि ही वस्तू न वाचता, न शिकता पर्समध्ये टाकून दिली? नव्या औषधाची चिठ्ठी वाचावी तसा तिनं त्या डब्यातला इंग्रजी कागद शब्दकोश घेऊन ओळ न् ओळ वाचला. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत गेली, मोटरसायकलचा अर्धा लक्षात राहिलेला नंबर लिहून तक्रार दिली, आणि ही वस्तू जवळ बाळगली तर चालते का, हेही सरळ विचारलं. समीक्षा नावाच्या महिला शिपायानं साहेबांना विचारून सांगितलं, की जीव वाचवण्यापुरतीच वापरा, गरजेपेक्षा जास्त नको, आणि लगेच ११२ ला फोन करा.

मग तिनं आपले नियम बांधले. वस्तू उजव्या खिशात, दोरी मनगटात, चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून असलेला खटका बंद. दर रविवारी चार्जिंग. हात ओले असले, जवळ पेट्रोल सांडलेलं असलं, तर बटणाला बोट लावायचं नाही. मान, तोंड, छाती वर्ज्य. मांडी नाहीतर दंड. आणि घरी आल्याबरोबर लोखंडी कपाटात कुलूपबंद, कारण सासू सत्यभामाबाईंच्या छातीत पेसमेकर होता. पुतण्या प्रसेनजित म्हणाला, काकू, एकदा माझ्यावर लावून पाहा. तिनं त्याला असं काही झापलं, की त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

अर्ध्या नंबरावरून पोलिसांना त्या माणसाचा माग लागला नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी, भर दुपारी, तो पुन्हा रस्त्यात उभा दिसला. दीपमालानं लांबूनच स्कूटी वळवायला घेतली, पण चाक मातीत रुतलं आणि तो धावत आला. तिनं खटका उघडला, ठिणगी दाखवली आणि ओरडून सांगितलं, "मांगं हो. करंट हाय याच्यात."

तो हसला आणि त्यानं तिचा डावा दंड धरला. तिनं ती टोकं त्याच्या मांडीला टेकवून बटण दाबलं. नाडी मोजताना मोजते तसे आकडे मनात मोजले. एक, दोन, तीन. दंडावरची पकड सुटली, तो धुळीत बसला. तिनं हात मागे घेतला, खटका बंद केला, सगळा जोर लावून स्कूटी ओढली आणि थेट तिच्या रक्तदाबाच्या जुन्या पेशंटच्या, म्हाताऱ्या जानरावांच्या वस्तीवर जाऊन थांबली.

तिथून तिनं ११२ ला फोन केला. ठिकाण सांगितलं, आणि वर हेही सांगितलं, की तो माणूस पडला आहे, डोक्याला मार लागलाय का ते डॉक्टरांना बघू द्या. पोलीस पोचले तेव्हा तो बांधावर पाय चोळत बसला होता. डॉक्टरांना त्याच्या अंगावर गुडघ्याच्या खरचटण्यापलीकडे काही सापडलं नाही. गुन्हा दाखल झाला.

जबाब लिहून घेताना समीक्षानं हळूच विचारलं, "तो तं पडलाच होता, ताई. अजून दोन दणके काऊन नाई देले?"

दीपमाला म्हणाली, "मले तिथून निघायले जागा पायजे होती. ते भेटली. मंग कायले दाबू?"

हे ती शांतपणे बोलली खरी, पण पुढचे दोन दिवस तिचे हात थरथरत होते. थरथरत्या हातानं लेकराला सुई टोचायची नाही, म्हणून त्या आठवड्याचं लसीकरण तिनं शेजारच्या उपकेंद्रातल्या रुख्मिणी सिस्टरांना करायला सांगितलं. त्यात तिला काही कमीपणा वाटला नाही.

गावात तिचं नाव झालं. बाजाराच्या दिवशी बाया ती वस्तू उसनी मागू लागल्या. तिनं कोणालाच दिली नाही. पण मागायला आलेल्या प्रत्येकीला ओट्यावर बसवून तिनं सांगितलं, की आधी ओरडायचं, आधी पळायचं, आणि कोणी मागे लागलं तर पहिल्याच दिवशी तक्रार द्यायची. तो नुसता मागे यायचा तेव्हा आपण गप्प राहिलो, तीच आपली चूक झाली.

पुढच्या खेपेला ती त्याच रस्त्यानं वस्तीवर गेली. जानराव काठी घेऊन सोबत यायला निघाले. तिनं त्यांना ओट्यावर बसवलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, आणि आठ दिवस गोळी का घेतली नाही, म्हणून चांगलं फैलावर घेतलं.