गंधकाचा धूर आणि ओले सोवळे
प्लेगाच्या पहिल्या वर्षातला माघ महिना, वार गुरुवार. जबाबदार इसम दोन, गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडाला बाहेरून कडी घालणारा शिपाई आणि त्याला तसा हुकूम देणारा डॉक्टर. आगकाडी ओढली की गंधकाच्या वासासरशी तो दिवस आजही माझ्या घशात उतरतो. दमेकरी आईला जिना उतरवेना, म्हणून डॉक्टरांनी आम्हां दोघांना माजघरात बसवले आणि प्लेगाचे विष मारायला पुढच्या खोलीत गंधक पेटवण्यास सांगितले. “साहेब, कोणत्या कायद्याने कोंडता?” मी विचारले. “वकिली पुरे! धूर पुढच्या खोलीतच राहील,” ते म्हणाले. धोंडा ठेवावा तिथे राहतो, पाणी भांड्याच्या तळाशी राहते; वायू मात्र मिळेल ती सारी जागा व्यापतो, हे शाळेतले पोरही जाणते. गंधक वितळले, पेटले आणि वायू होऊन दाराच्या फटींतून आत शिरले. मी दार बडवत राहिलो. कोणी आले नाही. आई घुसमटू लागली. वलणीवर तिचे पूजेचे ओले सोवळे वाळत होते. त्याला दुसऱ्या कोणी शिवू नये, हा तिचा जन्माचा नेम. माझा हात अडला. “बघतोस काय, मेल्या? ओढ ते, कोंब फटीत!” ती खोकत ओरडली. त्यानेच ती वाचली. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाचा आहे. ते डॉक्टर हयात असतील, तर त्यांनी वर्तमानपत्रात सहीनिशी उत्तर द्यावे: आत माणसे आहेत हे ठाऊक असताना कडी बाहेरून का घातली?