बाबांच्या खाटेवरची टिकटिक

ज्या महिन्यात आमच्या डिटेक्टरवर पहिल्यांदा बीम सोडायचं ठरलं होतं, त्याच महिन्यात बाबांच्या घशावर बीम सोडायचं ठरलं.

आमचा डिटेक्टर म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांचा एक मोठा गठ्ठा. पट्टीतून एखादा कण गेला की आत अगदी बारीक उजेड चमकतो, आणि तो पकडून त्याचा विजेचा ठोका करायचा, एवढंच आमचं काम. एवढंच म्हणते, पण त्यात माझी सहा वर्षं गेली होती. युरोपातल्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते तिथे बीम, म्हणजे कणांचा झोत, मिळायला नंबर लावावा लागतो. आमचा नंबर आला आणि अमडापूरहून दादाचा फोन आला. म्हणाला, "बाबाइच्या घशात गाठ निंगाली. अकोल्याचे डॉक्टर म्हणून राह्यले, शेक द्या लागते. टमाट्याचा तोडा सुरू हाये, मले हलता येत नाई. तू येतं काय?"

मी आले. सोबतच्यांना सांगून आले की आठवड्याभरात परतेन. ते खरं नव्हतं हे मलाही कळत होतं.

आमच्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज शेक, म्हणून आम्ही बापलेकीने अकोल्यात हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. शनिवारी खामगावमार्गे घरी यायचं आणि सोमवारी पहाटे परत निघायचं.

शेकाच्या खोलीला जाडजूड दार होतं आणि दारावर लाल दिवा. दिवा लागला की आत बीम सुरू. आमच्या प्रयोगशाळेतही दारावर असाच दिवा असतो, आणि तिथे तो लागला की आम्हाला हायसं वाटतं: चला, काम सुरू झालं. इथे तो लागला की मला एका जागी बसवायचं नाही. मी बाकावर बसायचे, उठायचे, पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे, तहान नसताना पाणी प्यायचे, परत यायचे. मशीन चालवणाऱ्या मुलाला मी पहिल्याच दिवशी ऊर्जा किती, बीमचा आकार कसा ठरवता, असं सगळं विचारून घेतलं होतं. त्याने सगळं नीट सांगितलं. आमच्या बीमच्या मानाने ते मशीन म्हणजे खेळणंच होतं. पण आमच्या बीमच्या वाटेत कधी कुणाचा बाप झोपलेला नसतो.

बाबांना शेकापेक्षा साच्याची भीती वाटायची. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर प्लास्टिकची जाळी बसवतात आणि ती टेबलाला पक्की करतात. पहिल्या दिवशी बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालांवर जाळीचे चौकोन उमटले होते.

"आत काय होते वं नेमकं?" खोलीवर आल्यावर त्यांनी विचारलं. आवाज आधीच बसलेला होता.

मी सांगायला लागले. विजेचे कण जोरात पळवतात, धातूच्या तुकड्यावर आपटवतात, त्यातून किरण निघतात आणि ते गाठीवर टाकतात. त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते किरण मंग जातात कुठी? माह्या आंगातच राह्यतात?"

"नाही बाबा. दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरतो का?"

"नाई."

"तसंच. मशीन बंद, किरण बंद."

त्यांनी मान हलवली. पटलं असं मला वाटलं. मी फोन काढून तिकडचे निरोप वाचायला लागले. रोज पंचवीस-तीस निरोप असायचे: एक पट्टी गप्प बसलीय, कुठल्याशा तारेत खरखर येतेय, बीम मध्येच गेला, परत आला. मी बसल्या बसल्या उत्तरं द्यायचे आणि ती पोचेपर्यंत तिथे कुणीतरी ते काम करून मोकळं झालेलं असायचं. मी कुठेच धड नव्हते. बाबा झोपले की गल्लीच्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे, आणि मग बाबांना जाग आली असेल म्हणून पळत परत यायचे.

तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या गळ्याची कातडी काळी पडली. तसं होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण शनिवारी आम्ही घरी उतरलो आणि गल्लीतल्या लोकांनी तो गळा पाहिला.

त्या दिवशी मला तीन गोष्टी दिसल्या. वहिनीने बाबांसाठी वेगळी ताटवाटी काढली होती आणि ती बाहेरच्या नळावर वेगळी घासली. दादाची दोन वर्षांची मुलगी, जी एरवी बाबांच्या खाटेवरून उतरत नसे, तिला वहिनी दिवसभर कडेवर घेऊन आतल्या खोलीत होती. आणि शेजारचे काका अंगणाच्या फाटकाशीच उभे राहिले. बाबा आणि ते लहानपणापासूनचे दोस्त. कितीतरी वर्षं दोघांनी मिळून भाजीचा माल चिखलीच्या बाजाराला नेला. ते कधी फाटकाशी थांबलेले मी पाहिले नव्हते.

"कसा हायेस बे?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"हाये," बाबा म्हणाले आणि स्वतःच खाट भिंतीकडे सरकवून घेतली.

मी स्वयंपाकघरात गेले. "वहिनी, ताट वेगळं कशाला?"

वहिनी भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही. "ताई, तुमी शिकेल-सवरेल हा. मी काही म्हनत नाई. पन लोक सांगून राह्यले का शेकवाल्या मानसाच्या आंगातून ते निंगत राह्यते. लहान लेकराले धोका असते म्हने. मले एकच लेकरू हाये."

तिच्यावर चिडावं असं त्यात काही नव्हतं. पण मी चिडले. अंगणात येऊन इकडून तिकडे चालत राहिले. सहा वर्षं मी न दिसणारे कण मोजत होते, आणि माझ्या स्वतःच्या घरात न दिसणाऱ्या कणांमुळे बाबांना कोपऱ्यात बसवलं होतं.

तेव्हा मला बॅगेतल्या डबीची आठवण झाली. तळहाताएवढी डबी, आत आमच्याच पट्टीचा एक तुकडा. कण गेला की ती टिक करते आणि पडद्यावर आकडा एकने वाढतो. मी शिकले त्या बुलढाण्याच्या कॉलेजात मुलांना दाखवायला म्हणून ती आणली होती. मला वाटलं, हे सोपं आहे. डबी बाबांजवळ धरू, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवू की त्यांच्या अंगातून काही निघत नाही.

मी काकांना आत बोलावलं, वहिनीला दारात उभं केलं, डबी बाबांच्या खाटेवर ठेवली आणि बटण दाबलं.

टिक. थोडं थांबून टिक, टिक. मग टिक.

घाईघाईत मी एक साधी गोष्ट विसरले होते. ती डबी कुठेही टिकटिक करते. आकाशातून सतत कण कोसळत असतात. दूर कुठून तरी आलेले कॉस्मिक किरण वातावरणाच्या वरच्या थरात हवेवर आपटतात, त्यातून म्युऑन नावाचे कण तयार होतात आणि ते छपरांतून, भिंतींतून, आपल्यातून आरपार जमिनीत जातात. मी ते इतकी वर्षं मोजत होते की ते सांगायची गरज असते हेच डोक्यात राहिलं नव्हतं.

वहिनीने मुलीचं तोंड पदरात दाबलं. काका दोन पावलं मागे सरले. बाबांनी खाली मान घालून डबीकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पाह्य, मी म्हनतच होतो."

त्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ते तीन आठवडे मनातल्या मनात हेच म्हणत होते, आणि त्यांनी मान हलवली म्हणजे पटलं असं धरून मी फोन पाहत बसले होते.

"थांबा, थांबा," मी म्हणाले आणि डबी उचलून पळालेच. अंगणाच्या टोकाला नेली. टिक, टिक. गोठ्यात नेली, म्हशीच्या पाठीवर धरली. टिक. "काका, तुमच्या घरी चला." काका नको नको म्हणेपर्यंत मी त्यांच्या ओसरीवर पोचले होते. तिथेही टिक, टिक. काकूंनी विचारलं, "काय हाये ते?" मी म्हटलं, "काही नाही." हे उत्तर तर अजूनच वाईट होतं.

काका माझ्या मागे धापा टाकत आले. "माह्या घरात काऊन वाजून राह्यलं?"

"सगळीकडे वाजतं काका. हे वरून येतं, आभाळातून."

"आभायातून? अन् आमी कदी पाह्यलं नाई?"

"दिसत नाही ते."

"दिसत नाई, अन् त्याच्या गळ्यातून निंगते तेबी दिसत नाई. मंग कोनतं कोनतं हाये हे तुले कसं समजते?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या बैठकीत कुणीही हाच विचारला असता. मला तोंडी उत्तर देऊन चालणार नव्हतं. आम्ही लोक आकाशातला हा मारा नको असतो तेव्हा काय करतो? जमिनीखाली जातो, खाणीत, बोगद्यात. आणि घराला लागूनच आमच्या वावरात विहीर होती.

मी बादलीत गोधडीचा तुकडा घातला, त्यावर डबी ठेवली आणि दोर सोडायला सुरुवात केली. काका काठावर वाकले. बाबाही उठून आले होते, गळ्याभोवती पांढरा पंचा गुंडाळून, आमच्यापासून चार हात लांब. काठाशी टिकटिक नेहमीसारखी होती. बादली खाली जात राहिली तशी ती विरळ होत गेली. पाण्याच्या जरा वर मी दोर थांबवला. विहिरीत टिक घुमून यायची, मग बराच वेळ काही नाही. आम्ही तिघे वाकून वाट पाहायचो. मग पुन्हा एक.

"हयू झालं," काका म्हणाले.

"आजूबाजूच्या मातीने अडवलं. वरच्या तोंडातून येतं तेवढंच आत पोचतं."

"म्हंजे वरूनच येते."

"हाव," मी म्हणाले. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून ‘हो’च्या जागी ‘हाव’ निघालं.

पण काका एवढ्यावर सोडणारे नव्हते. "हे झालं आभायाचं. त्याचं काय?" त्यांनी बाबांकडे बोट दाखवलं.

मग आम्ही ते मोजलं. डबी आधी रिकाम्या खाटेवर, मग तेवढाच वेळ बाबांच्या मांडीवर. काकांचा पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येक टिक वाजली की ते वाटीत तुरीचा एक दाणा टाकत होते. पहिल्यांदा बाबांचे दाणे थोडे जास्त भरले. असं होतं, पावसाचे थेंब कधी दोन लागोपाठ पडतात तसे हे कण येतात, जास्त वेळ मोजलं की फरक मिटतो. हे मी मुलांना शिकवते. पण त्या क्षणी मला स्वतःलाच त्याचा भरवसा वाटेना.

"अजून मोजू," मी म्हणाले.

"मोज," काका म्हणाले. त्यांना दाणे टाकायला खाटेच्या जवळ यावं लागत होतं. आधी ते बाजूला उकिडवे बसले होते. मग गुडघे दुखायला लागले तसे खाटेच्या कडेवर टेकले. दुसऱ्यांदा रिकाम्या खाटेचे दाणे जास्त भरले. तिसऱ्यांदा जवळपास सारखे. ऊन उतरेपर्यंत आम्ही तेच करत होतो, आणि सगळे दाणे एकत्र केल्यावर दोन ढिगांत नाव घेण्यासारखा फरक राहिला नाही.

काकांनी दोन्ही ढीग पुन्हा पुन्हा पाहिले. मग बाबांच्या पाठीवर जोरात थाप मारली. "काई निंगत नाई बे तुह्यातून. लेका, उगाच भेव घातला आमाले."

बाबा हसले आणि हसताना गळा दुखला म्हणून हात वर नेला.

वहिनी दारातून सगळं पाहत होती. मी तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "समजलं ताई. खरंच समजलं. पन भेव एकदम नाई जात." त्या दिवशी तिने मुलीला खाली सोडलं नाही. मीही आग्रह केला नाही. पुढच्या शनिवारी आम्ही आलो तेव्हा ताट वेगळं नव्हतं. त्याच्या पुढच्या शनिवारी मुलगी स्वतःच खाटेवर चढली आणि वहिनी, हातातलं काम थांबवून, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग परत कामाला लागली.

आमच्या डिटेक्टरला मिळालेले बीमचे दिवस माझ्याशिवायच संपले. प्रयोगशाळेतल्या सोबतच्या मुलीने एक आलेख पाठवला. ठोके स्वच्छ आले होते. मी तो अकोल्याच्या बाकावर, लाल दिव्याखाली पाहिला. आनंद झाला, आणि जरा वाईटही वाटलं की मी नसल्याने काहीच अडलं नाही.

बाबांचा शेक संपल्यावर मी परत गेले. तिथे गेल्यावर मन इकडे लागलं. बाबांच्या मोठ्या तपासणीचा दिवस आला तेव्हा आम्हाला पुन्हा बीम मिळाला होता, मी कामाच्या पाळीवर होते, आणि बीम काही कारणाने बंद पडला होता. बाकीचे कॉफी प्यायला गेले. मी खुर्चीत बसू शकले नाही, इमारतीभोवती चालत राहिले, फोन हातात धरून. फोन दादाचा येईल असं वाटलं होतं. पण आवाज बाबांचा होता, घोगरा, तरी त्यांचा स्वतःचा.

"साफ हाये म्हनते डॉक्टर," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तू जेवली काय?"

जेवले नव्हते. मी हो म्हणाले.