तुंबलेला पगार

पगार वेळेवर देणाऱ्या मालकाचा एकसुद्धा किस्सा मला आठवत नाही. थकवणाऱ्याचे मात्र पोतंभर साठलेत! परवा नातू पेपर वाचून सांगत होता, चिनी भाषेत थकलेल्या पगाराला एक शब्द, थकलेल्या कर्जाला दुसरा. म्हटलं, बस खाली. शिकलेली पोरं चीनपर्यंत जातात, आज्याला विचारत नाहीत! आमच्या फौंड्रीत नुसत्या पगारालाच चार शब्द होते.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट, कोल्हापुरातलीच. आठवडा चुकला की पगार ‘लांबला’. दोन चुकले की ‘अडकला’. महिना गेला की ‘तुंबला’. चौथा शब्द ‘बुडाला’. तो कुणी उच्चारला तर बाकीचे अंगावर धावून जायचे! मालकांकडं मात्र सगळ्याला एकच शब्द, "बघू!"

* * *

एकदा दिवाणजींना गाठलं. "पगार कधी हो?"

चष्मा काढून म्हणाले, "मला विचारतोस? मीच तुला विचारायला निघालो होतो!"

* * *

मालकांचेही पैसे गारगोटीच्या एका इंजिनवाल्याकडं अडकलेले. वसुलीला मला घेऊन गेले, जरा वजन पडावं म्हणून. त्यानं चहा पाजला, भडंग दिलं आणि म्हणाला, "बघू की!"

परतताना एसटीत मालक धुमसत होते. "काय निर्लज्ज माणूस हाय रं!"

मी म्हटलं, "व्हय मालक. फौंड्री काढली तर लई चालंल त्याची!"



* * *

आता ईश्वराचं. आमच्यात साचे भरायचा, गरीब स्वभावाचा. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला ठरलेलं आणि तीन महिन्यांचा पगार तुंबलेला. दोनदा तारीख पुढं गेली. डॉक्टर म्हणाले, आता उशीर केला तर डोळा जाईल. मालक म्हणाले, "पोरीचं लगीन हू दे, मग बघू."

लग्न झोकात! आमच्याकडं आहेर माइकवरून पुकारतात. कुणाचा किती, सगळ्या मांडवाला ऐकू जातं. ईश्वरा टेबलापाशी गेला, पुकारणाऱ्याच्या हातात चिठ्ठी दिली. तो माणूस भाड्यानं आणलेला, त्याला काय ठाऊक! त्यानं खणखणीत वाचलं, "ईश्वरा मिस्त्री यांच्याकडून नवरीला आहेर, मालकांकडं राहिलेला तीन महिन्यांचा पगार!"

व्याह्यांचा घास हातातच राहिला. ईश्वराच्या मागं आम्ही अकरा जण रांगेत, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. शेवटी दिवाणजी!

मालक धोतर सावरत पळत आले. ईश्वराला आचाऱ्याच्या चुलीमागं नेऊन कनवटीच्या नोटा त्याच्या हातात कोंबल्या. मग परत आले आणि माइक हिसकावून घेतला.

"मंडळींना नम्र विनंती! आहेर स्वीकारला जाणार न्हाय!"