माझ्याच धड्यांची फी

पाथर्डीत मी दहावीच्या गणिताची शिकवणी घेते. दिवाळी झाली की वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, म्हणून मी फळ्यासमोर मोबाईल उभा करून धड्यांचे व्हिडिओ काढायला लागले आणि ते नेटवर फुकट टाकत गेले. पाच वर्षं. फुकटाचं कौतुक मात्र मला कोणी सांगू नये. ज्यांनी दमडी दिली नाही तेच 'आवाज बारीक येतोय', 'भूमिती कधी टाकणार' म्हणून डाफरायचे. कष्टाला मोल असावं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात पुण्याची एक कंपनी दारात आली तेव्हा मी फार आढेवेढे घेतले नाहीत. त्यांनी एकरकमी पैसे दिले, ते मी केडगावच्या फ्लॅटसाठी भरून टाकले. करार तीन वर्षांचा. दिवाळीनंतर जुने-नवे सगळे धडे त्यांच्याच अ‍ॅपवर, फी भरणाऱ्यांसाठी. माझा वर्ग सोडून मी दुसरीकडे कुठेही, अगदी फोनवरसुद्धा, शिकवायचं नाही. कागद मी वाचला होता. चांगला चष्मा लावून वाचला होता.

डिसेंबरात उसाच्या फडावरून फोन आला. माझ्या एका विद्यार्थिनीची आई बोलत होती. "बाई, तुमचं गणित उघडत न्हाई. पैसं मागतंय."

तिची मुलगी फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बसून माझ्या धड्यांवरच दहावीचा अभ्यास करायची.

"नापास झाली तर तिचा बाप उन्हाळ्यात लगीन उरकतोय. तुमी जरा उघडून द्या की."

मी म्हटलं, "मला नाही हो उघडता येत. पण तिची फी मी भरते."

"तुमी कशापायी? तुमचंच हाय न्हवं?"

कंपनी, करार, तीन वर्षं हे सगळं तिला सांगताना माझी जीभ अडखळत होती. फळ्याजवळ उभं केल्यावर गणित न सुटणाऱ्या मुली बोलतात, तशी मी बोलत होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आदी पैसं घेतलं. म्हंजी उचल घेतली म्हना की."

हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत फड सोडायचा नाही, यातच तिचं आयुष्य गेलेलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला माझी कीव आली होती.

"मग न्हाई सुटता यायचं, बाई. मधीच पळालं तर लई वंगाळ. दिवस काढायचं."

तिच्या फोनपुरती फी मी लगेच भरली. माझेच धडे विकत घेतल्याबद्दल अ‍ॅपने माझं स्वागत केलं, तो संदेश मी रागाने पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी फोन वाजला, दुसऱ्या फडावर गेलेल्या एका आईचं नाव दिसत होतं. संध्याकाळपर्यंत आणखी दोघींचे आले.

मी घेतले नाहीत.