जॉन्सन आणि लुईची जोड

नत्थुजी अकोल्याच्या एका जिनात मुकादम होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचा खडखडाट चालू असतानाही त्यांची हाक फाटकापर्यंत ऐकू जायची. हंगाम संपला की ते अधूनमधून धामणगावजवळच्या आपल्या गावी भावाच्या शेतावर राबायला जात. असे मुकादम वऱ्हाडात पुष्कळ होते. पण नत्थुजींना मुष्टियुद्ध येत होतं, आणि ते त्यांना इराकातल्या बसरा बंदराच्या धक्क्यावर जोसेफ नावाच्या माणसानं शिकवलं होतं.

सतरा साली महायुद्धासाठी मजूर पलटणीची भरती निघाली तेव्हा नत्थुजी विशीत होते. दुनिया पाहायला मिळेल एवढ्या एका विचारावर ते गेले. पाहायला मिळाली ती बहुतेक गवताच्या गठ्ठ्यांची दुनिया. संध्याकाळी गोरे शिपाई दोर बांधून त्यात मुष्टियुद्ध खेळत. मजुरांनी ते लांबून पाहायचं. जोसेफ जमैका बेटावरचा काळा शिपाई, अंगात वर्दी असूनही त्या दोरांच्या आत त्याला कुणी बोलवत नसे. मग तो गठ्ठ्यांच्या आडोशाला नत्थुजींना समोर उभं करून शिकवायचा. पाय कसे ठेवायचे, मान मागे कशी घ्यायची, समोरच्याचा ठोसा उघड्या पंजावर कसा झेलायचा. आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत सांगायचा ते जॅक जॉन्सनबद्दल. जॉन्सन त्याच्यासारखाच काळा, सगळ्या जगाचा अजिंक्यवीर. तो म्हणे मार खाताना हसायचा आणि मारताना गप्पा मारायचा. नत्थुजींनी जॉन्सनला कधी पाहिलं नाही. जोसेफला पाहिलं, तोच त्यांचा जॉन्सन झाला.

पुढं अडतीस सालच्या जून महिन्यात, एका सकाळी, अकोल्याला शेजारचे मोरोपंत वकील ओट्यावर इंग्रजी वर्तमानपत्र वाचत बसले होते. नत्थुजी जाताना दिसले तसे त्यांनी हाक मारली.

"नत्थुजी, ऐका. अमेरिकेतल्या ज्यो लुईनं त्या जर्मन श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळवलं. असा मुष्टियोद्धा आजवर झाला नाही, म्हणतात."

"जॉन्सनपेक्षाई मोठा?"

"जॉन्सन गेल्या जमान्यातला हो. लुईपुढे काय टिकणार?"

नत्थुजी ओट्याच्या पायरीवर बसले. "टिकन ना. कावून नाई टिकन? त्याची अन् याची जोड लागली होती का कधी?"

तिथून सुरुवात झाली. दोघंही हट्टी होते, पण भांडण करावं म्हणून ते बोलत नव्हते. खरंच काय झालं असतं हे दोघांनाही जाणून घ्यायचं होतं. मोरोपंतांनी वाचनालयातली जुनी मासिकं धुंडाळली आणि एक अडचण काढली. जॉन्सनच्या काळात पंचेचाळीस फेऱ्यांच्या लढती ठरत, तळपत्या उन्हात. आता पंधरा फेऱ्यांत निकाल. मग लढत लावायची ती कोणत्या नियमानं?

"पंधरात लुई जिंकन," नत्थुजी विचार करून म्हणाले. "पंचेचाळीस असन तं जॉन्सन."

"म्हणजे नियम ठरवणारा जिंकणार! हे तर आमच्या कोर्टासारखंच झालं."

नत्थुजींची बायको जमुना विहिरीवरून पाणी घेऊन येत होती. ती घागर कमरेवर सावरत थांबली. "पन जॉन्सन कोनत्या सालचा धरून राहिले तुमी? जवान होता तवाचा का आताचा म्हातारा?"

"जवान होता तवाचा."

"मंग लुई तरी पुरा जवानीत आला हाये काय, का आनखी वाढाचा हाये तो?"

मोरोपंत मासिकात लुईचं वय शोधू लागले. लुई तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

दिवाळीच्या सुट्टीत मोरोपंतांचा पुतण्या रविकांत नागपूरच्या कॉलेजातून आला. अंगानं चांगला भरलेला, दंड-बैठका काढणारा. त्यानं नागपूरला सिनेमाच्या आधी दाखवलेल्या बातमीपटात लुईला प्रत्यक्ष लढताना पाहिलं होतं. नत्थुजींनी त्याला अंगणात उभं केलं आणि तो कसा चालतो, खांदा कसा ठेवतो, हे पुन्हापुन्हा करून दाखवायला लावलं. लुई म्हणे उड्या मारत नाही, पाय घासत घासत पुढं सरकतो, डावा हात सरळ आणि आखूड मारतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही.

"तू लुई हो," नत्थुजी म्हणाले. "मी जॉन्सन होतो. पाहू तं खरं."

मोच्याकडून चामड्याचे हातमोजे शिवून आणले आणि त्यांत जिनातली स्वच्छ रुई ठासून भरली. हंगाम अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे जिनामागचं मैदान मोकळं होतं. सकाळी ऊन वर यायच्या आत चार दोर बांधले. मोरोपंत पंच झाले. फेरी संपली की पितळी थाळी वाजवायचं काम जमुनाकडे होतं. किती फेऱ्या हा प्रश्न सुटलाच नव्हता, म्हणून एकजण पुरे म्हणेपर्यंत लढायचं ठरलं.

पहिल्या काही फेऱ्यांत नत्थुजींनी अक्षरशः खेळ केला. रविकांतचे ठोसे ते पंजावर झेलत, मान मागे घेत, आणि हसत हसत विचारत, "लुईभाऊ, चहा घेतला का सकाळी?" रविकांतचा संताप वाढत होता. पण तोंडावर काही दाखवायचं नाही हे त्याला पक्कं सांगितलेलं. तो पाय घासत पुढं येत राहिला. ऊन चढलं. नत्थुजी एक्केचाळीस वर्षांचे होते. त्यांचा उजवा हात हळूहळू खाली येऊ लागला. रविकांतनं ते हेरलं. डावा दाखवला आणि उजवा थेट हनुवटीवर बसला.

नत्थुजी झोकांडले. आणि पुढच्याच क्षणी त्यांनी रविकांतच्या कमरेला विळखा घातला, पाठीवर घेतला आणि काळ्या मातीत उताणा आपटला. तालमीत लहानपणी घोटलेली धोबीपछाड!

जमुनानं थाळी वाजवली ती वाजवतच राहिली. मोरोपंत हसून हसून दोराला टेकले. रविकांत मात्र उठेना. त्याचा खांदा निखळला होता. नत्थुजींनी घाईनं हातमोजे काढले. त्यांनी त्याला उचलून टांग्यात घातलं आणि हाडवैद्याकडे नेलं. खांदा बसेपर्यंत त्याचा दुसरा हात त्यांनी सोडला नाही.

परत येताना ते मोरोपंतांना म्हणाले, "वकीलसाहेब, मी लय बह्याड, येडाच. इतका वेळ जॉन्सन होतो न मी. मार बसला तं जॉन्सन कुठीसा गेला, नत्थूच निंघाला बाहेर."

"म्हणजे लढत अनिर्णीत."

"नाई हो. म्हंजे आपल्याले समजनारच नाई. कसा उभा राहाचा, कसा हसाचा, ते मी सांगतो. पन लुईचा ठोसा खाल्ल्यावर त्याच्यातून कोन निंघाला असता, ते कसं समजन?"

रविकांतला हे पटलं नाही. खांदा बरा झाल्यावर उन्हाळ्यात तो परत आला तो हातमोजे घेऊनच. "काका, आता कुणाची नक्कल नको. मला नीट शिकवा," म्हणाला. नत्थुजी शिकवू लागले. पुढच्या वर्षी आणखी पोरं आली, मग जवळच्या कुस्तीच्या आखाड्यातच एका कोपऱ्यात दोर बांधले गेले. धोबीपछाडीला तिथं सक्त मनाई होती. शिकवून झालं की पोरं घाम पुसत बसत आणि जोडी लावत. जॉन्सन आणि लुई, लुई आणि त्याच्या आधीचा जगज्जेता डेम्प्सी, मग एखादा पैलवान आणि एखादा मुष्टियोद्धा. नत्थुजी निकाल कधीच देत नसत. "कोनत्या सालचा?" एवढंच विचारत, आणि पोरांचा पुन्हा गलका सुरू होई.

सेहेचाळीस साली मोरोपंतांनी एक बातमी वाचून दाखवली. जॅक जॉन्सन मोटारीच्या अपघातात गेला होता, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.

नत्थुजी पायरीवर टेकले. मग त्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, त्यानं लुईले लढताना पाह्यलं असन का हो?"

"पाहिलं असणारच. एकाच देशातले दोघं."

"मंग पाहून काय वाटलं असन त्याले?"

मोरोपंतांनी चष्मा काढला. "तुम्हाला काय वाटतं?"

"काय सांगू? मी असतो तं दोराबाहेर बसल्या बसल्या माहे हात हालले असते," नत्थुजी म्हणाले, आणि उठून आखाड्याकडे गेले. पोरं यायची वेळ झाली होती.