विमानाच्या मधोमध खिडकी

एसटीत जागा पकडण्यात माझा हात धरणारा किन्हवलीत दुसरा नसेल. गाडी थांब्यावर वळते न वळते तोच खिडकीतून रुमाल आत टाकायचा, तोही नेमक्या सीटवर. चाकावरची सीटं कोणती, सकाळी ऊन कोणत्या बाजूला, सगळं पाठ. मागे बसलं की गचके बसतात, पुढे लोक अंगावर उभे राहतात. म्हणून गाडीच्या मधोमध, सावलीच्या बाजूला बसायचं. शहापूरला नोकरीसाठी वीस वर्षं ये-जा केली, त्यातून एवढी एकच विद्या पदरात पडली.

लहानपणी मात्र खिडकी मला आयती मिळायची, कारण मला गाडी लागायची. मुरबाडला गाडी बदलून वैशाखऱ्याला आजोळी जाताना आई मला खिडकीशी बसवायची, हातात लिंबू द्यायची आणि स्वतः उभ्या माणसांच्या पिशव्यांचे धक्के खात बाजूला बसायची. आमच्याकडे खिडकी ओकणाऱ्याची, असा नियमच आहे. आईला गाडी कधी लागली नाही, त्यामुळे खिडकी कधी मिळाली नाही. चाळिशी उलटेपर्यंत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

धाकट्या बहिणीनं आईला आणि मला शिकागोला बोलावलं. लंडनला विमान बदलायचं होतं. तिथून पुढे समुद्र ओलांडताना दिवसाउजेडी खाली बर्फाचा अख्खा मुलूख दिसतो, असं तिनं आईला फोनवर सांगितलं. आईनं माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "त्या विमानात मला खिडकी पायजे रे. तो बर्फ बघायचाय."

मी मोबाइलवर सीटांचा नकाशा उघडला. विमान पश्चिमेला जाणार, दुपारचं ऊन डावीकडे, म्हणजे सावली उजवीकडे. मधोमध उजवी खिडकी आईला, शेजारची जागा मला. स्वतःवर फार खूश झालो. विमानाला पंख असतात आणि ते मधोमध असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या डोक्यात एसटी होती.

लंडनहून विमान उडालं. आईनं काचेला नाक लावलं. खाली पंख, पुढे पंख. बऱ्याच वेळानं तिनं साध्या आवाजात विचारलं, "हा पत्रा कधी सरल?"

सरेल थोड्या वेळानं, असं मी म्हणालो. विमान गच्च भरलेलं होतं, जागा बदलून मिळाली नाही. काही तासांनी मागच्या ओळींत कुजबुज सुरू झाली, लोक खिडक्यांना मोबाइल लावू लागले. तेवढ्यात विमानानं दोन-चार गचके खाल्ले आणि मला मळमळायला लागलं. आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पट्टा सोडला.

"तुला लागल. तू हिकडं बस."

मी नको म्हणायला हवं होतं. बसलो.

कपाळ काचेला टेकवून मान पार मागे वळवली, तर पंखाच्या कडेपलीकडे थोडी मोकळी जागा होती. तिच्यातून तो बर्फ दिसला. काळे डोंगर, आणि त्यांच्या मधून पेज उतू जावी तसा उतरलेला. मळमळ केव्हाच थांबली होती, तरी मी बघत राहिलो. पाच मिनिटं असतील, दहाही असतील. पोटभर बघून झाल्यावर आईला जागा दिली, मान कशी वळवायची ते दाखवलं. तोवर खाली ढग आले होते.

ती बराच वेळ तशीच मान वळवून बसली. मग तिनं विचारलं, कसा होता. मी सांगितलं. ती नीट ऐकत होती. मला लाज वाटली, अजूनही वाटते.

शिकागोला बहिणीनं दारातच विचारलं, बर्फ दिसला का. मी बुटाची नाडी सोडत राहिलो.

"दिसला गो," आई म्हणाली. "काळे डोंगर, न् मधनं पेज उतू गेल्यावानी."

परतीसाठी मी सगळ्यात मागची खिडकी घेतली. ते विमान रात्रीचं होतं.