मुक्ता घरी सुरक्षित होती

मुक्ता त्या दिवशी वर्गात असती, तर आज जिवंत असती का?

मला माहीत नाही. आज वर्ष झालं, उत्तर सापडलेलं नाही.

मी विशेष शिक्षिका. ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत जाते. मेहकरकडच्या एका गावातली मुक्ता माझी नववीतली विद्यार्थिनी. तिला वाचायला वेळ लागायचा, आणि अधूनमधून फिट यायची. गोष्ट मात्र एकदा ऐकली की पाठ.

एकदा माझ्यासमोरच, गणिताच्या तासाला, ती बाकावरून कोसळली.

गणिताचे सर चप्पल काढून तिला हुंगवायला धावले. मी त्यांना अडवलं.

तोवर तिची मैत्रीण शबाना खाली बसली होती. मी शिकवलं होतं तसं तिनं मुक्ताला कुशीवर वळवलं, डोक्याखाली दप्तर सरकवलं आणि पोरांवर खेकसली, "दूर व्हा बे, हवा येऊ द्या तिले."

सगळा वर्ग भिंतीला चिकटून उभा. मी घड्याळाकडे बघत होते. काटा हलतच नव्हता.

मग मुक्तानं डोळे उघडले.

"तास सरला का?"

"नाई, चालू हाय," शबाना म्हणाली.

"मंग मले झोपू दे."

वर्ग हसला. मला वाटलं, जमलं आपल्याला.

पुढच्याच आठवड्यात हेडसरांनी तिच्या आईला बोलावलं. सर वाईट नव्हते, घाबरले होते. शाळेत काही झालं तर गाव शाळेवर चालून येईल, म्हणाले. त्यापेक्षा नाव पटावर राहू द्या, पोरगी घरी राहू द्या, मॅडम घरी येऊन शिकवतील.

आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिली. नियम नीट वाचून दाखवला की माणसं ऐकतात, असं मला खरंच वाटायचं. फिट येते म्हणून मुलीला वर्गाबाहेर ठेवता येत नाही, हा नियम मी वाचून दाखवला. सर ऐकून घेत राहिले. आई पदराचं टोक चोळत राहिली.

मी तिला विचारलं, घरी मुक्ताजवळ कोण असतं?

"असते कोनी ना कोनी. सर बराबर बोलून राह्यले मॅडम. चारचौघात पडते, मले बी बरं नाई वाटत."

मी खूप भांडले. निर्णय बदलला नाही.

शबानानं दप्तर भरून दिलं. मुक्ता फाटकाशी थांबली.

"मॅडम, मले काऊन घरी पाठवून राह्यले? म्या काय केलं?"

मग सोयाबीन काढणीला आलं.

त्या दिवसांत आमच्याकडे सकाळी गावात फिरून बघा. दारांना कड्या. म्हातारी माणसंसुद्धा वावरात. सगळ्यांच्या डोक्यात घर म्हणजे माणसं असलेली जागा. मुक्ताच्या घरात फक्त मुक्ता होती.

अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यातून पाणी घ्यायला ती वाकली असणार.

पाणी गुडघाभरच होतं.

अंत्ययात्रेत माझ्या पुढे चाललेलं कुणीतरी हळूच म्हणालं, बरं झालं, शाळेत नाही घडलं. मी रस्त्याकडेला बसले.

तिच्या आईला कृपा करून कुणी काही बोलू नका. तिला जे सुरक्षित म्हणून सांगितलं गेलं, ते तिनं केलं.

मुक्ता, शबाना दहावीत गेली. तुझी जागा तिनं कुणाला दिलेली नाही. बाळा, तुझा निरोप घेते.

परवा दुसऱ्या एका शाळेत आठवीतल्या मुलाबद्दल तेच बोलणं सुरू झालं. फिट येते, घरी ठेवा. त्याची आई मान डोलवायला लागली होती. मी तिला विचारलं, तुम्ही दिवसभर कुठं असता?

"वावरात."

"आणि हा?"

तिची मान डोलायची थांबली.

तिथले हेडसर म्हणाले, मग जबाबदारी तुमची, लिहून द्या.

मी लिहून दिलं. मुलगा वर्गात आहे.